उभ्या मशीनचा पावसाळा

काही वर्षांपूर्वी उत्तरा नक्षत्रात एका मालकाचा फोन आला. "मिस्त्री, हार्वेस्टर हलेना झालंय. सोयाबीन पिवळं पडलं, येऊन जा." गेलो. मशीन शेडमध्ये अर्धं आत, अर्धं बाहेर उभं होतं. दाणे टाकीत चढवणाऱ्या एलेव्हेटरचं तळाचं झाकण उघडलं, तर आत हरभऱ्याचे मोड! मार्चमधल्या शेवटच्या रानाचे पसाभर दाणे तळाशी राहिले होते. पहिल्या पावसाचं पाणी लागल्यावर ते उगवले, अंधारात लांबडे झाले आणि तिथंच सडले. मालक म्हणाले, "रानात उगवण धड झाली नाही, अन् इथं बघा!" आम्ही दोघंही हसलो. पण त्या चिखलाखाली साखळीच्या कड्या गंजून एकमेकींना धरून बसल्या होत्या. साखळी तोडावी लागली. नवी मिळून बसेपर्यंत तीन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या पावसानं गाठलं.

लातूर भागात तीस वर्षं मी हार्वेस्टर आणि मळणी यंत्रांची कामं करतो. नगर-नाशिककडे ज्याला हडंबा म्हणतात, तेही माझ्या हाताखालून गेलंय. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडचं मशीन चालून जितकं झिजतं, त्याहून जास्त उभं राहून खराब होतं. गावातल्या गावात चालणारं हार्वेस्टर दसरा-दिवाळीला सोयाबीन काढतं, मग फेब्रुवारी ते एप्रिल हरभरा आणि गहू. बाकीचे महिने ते नुसतं उभं असतं.

मशीनसोबत जे पुस्तक येतं, त्यात हंगामानंतरच्या ठेवणीवर एक प्रकरण असतं. विलायती कंपनीच्या पुस्तकात त्याच्या मथळ्यातच हिवाळा असतो. तिकडे सुगी संपली की बर्फ पडतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. रेडिएटरमध्ये आणि इंजिनात साधं पाणी राहिलं तर ते लोखंडाचा ब्लॉकसुद्धा फोडतं. म्हणून तिथं न गोठणारं कूलंट तपासण्यावर सगळा भर. एका मालकाला मी हे प्रकरण दाखवलं तर ते म्हणाले, "मिस्त्री, आपल्या मशीनला काय थंडी वाजती का?" आणि पुस्तक परत सीटखाली गेलं. चूक तिथंच होते. आपलं मशीन आधी वैशाखाच्या चाळीस-बेचाळीस अंशांत भाजतं आणि मग मृगापासून चार महिने दमट हवेत मुरतं. त्या प्रकरणातला बर्फ काढून पाऊस घातला, तर बाकीचं जवळजवळ सगळं आपल्याला लागू पडतं.

पहिलं काम सफाईचं आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्यानं गंजू लागतं. त्यावर भुसा आणि धूळ बसलेली असेल तर गंजाचं काम आणखी सोपं, कारण भुसा ओल धरून ठेवतो. वरून कोरडं दिसणारं मशीन भुशाखाली महिनोन्‌महिने ओलं असतं. म्हणून शेवटचं रान झालं की सगळी झाकणं उघडायची आणि मशीन रिकामं फिरवायचं. मग इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं वरून खाली फुंकत यायचं. ड्रम, जाळी, चाळण्या, एलेव्हेटरचा तळ, टाकीतला स्क्रू. आत राहिलेला दाणा पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या बियाण्यात मिसळतो आणि एका रानातलं तणाचं बी दुसऱ्या रानात जाऊन पडतं, तो भाग वेगळाच.

इथं माझी स्वतःची चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात एक मशीन मी जोराच्या फवाऱ्यानं धुतलं. नव्यासारखं चकाकलं. पण फवारा सरळ बेअरिंगवर मारला होता. पाणी सील ओलांडून आत गेलं, ग्रीसचं दूध झालं आणि मशीन तसंच शेडमध्ये लावलं. ऑक्टोबरमध्ये पहिल्याच एकरात ड्रमचं बेअरिंग जाम होऊन पट्टा जळाला. बेअरिंग काही शे रुपयांचं होतं, पण कापणी अडली ती ऐन सुगीत. तेव्हापासून मी शक्यतो हवेनंच साफ करतो. धुवायचंच असेल तर बेअरिंग आणि वायरिंग चुकवून. नंतर मशीन चालवून गरम करायचं आणि प्रत्येक निप्पलला ग्रीस मारायचं. आतलं पाणी आणि माती बाहेर ढकलून ताजं ग्रीस कडेला दिसेपर्यंत गन दाबायची. मग पुन्हा पाच मिनिटं मशीन फिरवायचं, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. हायड्रॉलिकचे दांडे आत ओढून ठेवायचे. जे बाहेरच राहतात त्यांना ग्रीसचा हात द्यायचा. चकचकीत दांड्यावर गंजाचा एक खड्डा पडला तरी तो सील कापतो. साखळ्या काढून डिझेलमध्ये धुवायच्या, वाळवायच्या आणि तेलात बुडवून परत चढवायच्या. कटरबारच्या पात्यांवर तेलाचा बोळा फिरवायचा.

दुसरं काम इंजिनाचं. बहुतेक मालक म्हणतात, "ऑईल पुढच्या हंगामात चालू करताना बदलू." मी उलट सांगतो. वापरलेल्या ऑईलमध्ये जळण्यातून आलेलं आम्ल आणि ओलावा असतो. ते पाच महिने बेअरिंगला चिकटून राहिलं तर त्यांना खातं. म्हणून ऑईल ठेवतानाच बदलायचं. डिझेलची टाकी काठोकाठ भरायची. अर्ध्या टाकीतली हवा दिवसा तापते, रात्री निवते आणि तिच्यातलं पाणी पत्र्याला सुटतं. ते तळाशी साचलं की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी-जिवाणू वाढून फिल्टर तुंबतो. सायलेन्सरवर रिकामा डबा उपडा घालायची आपली रीत मात्र कुठल्याही पुस्तकाइतकीच चोख आहे.

बॅटरी काढून घरात आणायची. सोडताना आधी ऋण टोक, जोडताना तेच शेवटी. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12.4 च्या खाली उतरली की चार्ज करायची, नाहीतर पट्ट्यांवर पांढरा थर कडक बसतो आणि बॅटरी कायमची दुबळी होते. उन्हाळ्यात ती लवकर उतरते, म्हणून महिन्यातून एकदा बघावी. "फरशीवर ठेवली की उतरते" हा समज जुन्या लाकडी खोक्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला फरशीनं काही होत नाही.

पट्ट्यांचा ताण ढिला करायचा. ताणलेला पट्टा महिनोन्‌महिने एकाच जागी राहिला तर पुलीचा आकार धरतो आणि मग घसरतो. बियाण्याचं सोयाबीन मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 ठेवायचे असतात, कारण त्याची साल नाजूक असते. पट्टाच घसरत असेल तर फेऱ्यांचा हिशोब हातात राहत नाही. मशीन लाकडी ठोकळ्यांवर घेऊन टायरचा भार उतरवायचा आणि टायरवर ऊन पडणार नाही असं बघायचं. उंदरांना वायरीपेक्षा दाण्याचा मोह जास्त असतो. दाणे साफ केले की निम्मे उंदीर तिकडे फिरकतच नाहीत.

"महिन्याला पाच मिनिटं चालू करून बघू का?" असं हमखास विचारतात. पाच मिनिटांनी भलं होत नाही. इंजिन पुरतं गरम होत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो. चालवायचं तर चांगलं अर्धा तास, नाहीतर झोपू द्यावं.

आणि एक कागद. शेवटच्या दिवशी ड्रायव्हरच्या कानात मशीनचे सगळे आवाज ताजे असतात. कुठं खडखड, कुठं गळती, कोणता नट रोज आवळावा लागला. ते त्याच संध्याकाळी लिहून घ्यायचं. ती कामं मे महिन्यातच उरकायची. तेव्हा माझ्याकडे आणि पार्टच्या दुकानात निवांतपणा असतो, सुगीत दोन्हीकडे रांग.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वडिलांच्या हातात हळद आणि तूप असायचं. बैलाचे खांदे मळताना ते बोटांनी चाचपत, कुठं सूज आहे, कुठं जू लागलंय. त्या खांदेमळणीत पूजा होती, तशी तपासणीही होती. मशीनची पूजा आपण खंडेनवमीला करतोच, पण हात लावून चाचपणं मागं राहिलं.

ते मोड आलेलं मशीन आता दर एप्रिलला माझ्याकडे येतं. यंदा खंडेनवमीला मालकांनी बोलावलं. बॅटरी लावली, पट्टे ताणले, पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. नारळ फोडायच्या आधी ते वाकले, एलेव्हेटरचं तळाचं झाकण काढलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून तळवा मला दाखवला. कोरडा होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "यंदा इथं पेरणी नाही बरं का."