फुजीच्या वेलीचा देश

जपानी भाषेंत ‘फुजी’ हा एकच उच्चार दोन निरनिराळ्या वस्तूंस लागतो. पहिला फुजी म्हणजे बर्फाचा मुगुट घातलेला तो ज्वालामुखी पर्वत. त्याचें चित्र आपल्याकडील शाळकरी मुलांसहि परिचित आहे. दुसरी फुजी ही एक वेल. लिहितांना दोहोंचीं अक्षरें भिन्न असतात. कानाला मात्र भेद कळत नाहीं. पर्वत पाहावयास साऱ्या जगांतील प्रवासी धांवतात. वेलीची कीर्ति तितकी दूरवर गेलेली नाहीं. पण जपानी माणसाच्या देवळाशीं, अंगणाशीं आणि कुलनामांशीं तिचा जो घरगुती संबंध आहे, त्याची हकीकत आपल्या वाचकांस मनोरंजक वाटेल असें समजून हा लेख लिहीत आहें.

इंग्रजींत या वेलीला विस्टेरिया म्हणतात. नटॉल नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८१८ सालीं फिलाडेल्फियाचे शरीरशास्त्रज्ञ कॅस्पर विस्टार यांच्या स्मरणार्थ हें नांव ठेविलें. जातीनें ही शिंबीकुलांतील, म्हणजे आपल्या वाल-पावट्याची आणि पांगाऱ्याची नातलग. बहाव्याचे पिवळे घोंस ज्यांनीं वैशाखांत पाहिले असतील त्यांनीं त्यांस मनानें फिकट जांभळा रंग द्यावा, प्रत्येक फूल वालाच्या फुलाच्या घडणीचें करावें, आणि घोंस हातभर किंवा त्याहूनहि लांब लोंबत आहेत अशी कल्पना करावी; म्हणजे फुजी डोळ्यांपुढें उभी राहील. हिचा आणखी एक विशेष आहे. नोदा-फुजी ही जी मुख्य जपानी जात, ती वरून पाहिलें असतां घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें, म्हणजे आपण देवाला प्रदक्षिणा घालतों त्याच दिशेनें, आधाराला वेढे घेत चढते. चिनी जात याच्या उलट जाते.

इ. स. ६६९ मध्यें जपानच्या सम्राटानें आपल्या कामातारी नांवाच्या मंत्र्यास, तो मरणोन्मुख असतां, ‘फुजिवारा’ हें कुलनाम दिलें. त्याचा अर्थ फुजीचें माळरान. पुढें या घराण्यानें कित्येक शतकें राजसभेवर आपला अधिकार चालविला. नारा येथील कासुगा देवस्थान, जें ७६८ सालीं स्थापन झाल्याचें सांगतात, तें या घराण्याचें कुलदैवत; आणि लोंबती फुजी हें त्याचें चिन्ह आहे. जपानी कवींस व चित्रकारांस देवदाराच्या जातीच्या सदाहरित वृक्षावर चढलेली फुजी फार प्रिय. वृक्ष स्थिर आणि वेल सुकुमार, अशी ती जोडी. शाकुंतलांत आम्रवृक्षाला वरलेली नवमालिका व तिचें शकुंतलेनें ठेविलेलें ‘वनज्योत्स्ना’ हें नांव ज्यांस आठवतें, त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. दोन देशांत समुद्र आडवा असला तरी वेलीकडे पाहणारी दृष्टि एकच होती.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तोकियोस असतात. त्यांच्या बिऱ्हाडीं फेब्रुवारीच्या मध्यापासून तीन महिने राहण्याचा योग आला, त्यामुळें फुजी मला उलट्या क्रमानें भेटली: प्रथम बी, मग अंकुर आणि शेवटीं फूल. शहराच्या पूर्व भागांत कामेइदो येथें तेन्जिनचें देऊळ आहे. तें १६६२ सालचें. येथील देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने नांवाचा एक ऐतिहासिक पुरुष. हा नवव्या शतकांतील मोठा पंडित व मंत्री. खोट्या आरोपावरून ९०१ सालीं त्याला दूर पश्चिमेस दाझाइफु येथें धाडलें आणि ९०३ सालीं तो तेथेंच निवर्तला. मरणोत्तर लोकांनीं त्यास विद्येची देवता केलें. आजहि परीक्षेचे दिवस आले कीं विद्यार्थी येथें येऊन लांकडी पाटीवर आपली इच्छा लिहितात व ती टांगून जातात. उभें आयुष्य मुलांच्या परीक्षा घेण्यांत गेलेल्या मनुष्यास या पाट्यांपुढून लवकर पाय निघत नाहीं. विद्येच्या या दैवताच्या अंगणांतच तळ्याच्या कांठीं फुजीचे मांडव आहेत. हिरोशिगे या चित्रकारानें १८५६ सालीं काढलेलें येथील कमानदार पुलाचें व फुजीचें चित्र जगप्रसिद्ध आहे. १९४५ सालच्या हवाई हल्ल्यांत देऊळ जळालें. पुढें तें पुन्हां बांधलें गेलें, आणि मांडवांवर फुजी पुन्हां फुलूं लागली.

फेब्रुवारींत मात्र मांडवावर पान नसतें. काळसर, पिळदार खोडें आणि त्यांवरून लोंबणाऱ्या थोड्या शेंगा, एवढेंच दिसतें. शेंग वीतभर लांब, चपटी व मखमलीसारखी लंवदार. ती थंडीच्या कोरड्या दिवसांत वाळतां वाळतां एकाएकीं तडकते. तिचीं दोन्हीं शकलें पिळवटतात आणि आंतील चपट्या, तपकिरी बिया दूर फेंकल्या जातात. १९३२ सालच्या डिसेंबरांत तोराहिको तेरादा हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक संध्याकाळीं घरीं येऊन बसले, तोंच शेजारच्या कागदी पडद्यावर कांहीं तरी आदळलें. पाहतात तों अंगणांतील फुजीची बी! दुसरा कोणी असता तर ती झाडून टाकता. तेरादांनीं पुढील वर्षीं शेंगेच्या या स्फोटाची मीमांसा करणारा शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला आणि साध्या वाचकांसाठीं एक रसाळ लेखहि लिहिला.

आमच्या बिऱ्हाडाशेजारीं ऐंशींच्या घरांतले एक जपानी गृहस्थ राहतात. त्यांच्या छोट्या अंगणांत कुंड्यांतून वाढविलेलीं झाडें फळ्यांवर ओळीनें मांडलेलीं आहेत. ‘बॉन’ म्हणजे तबक आणि ‘साइ’ म्हणजे लावणें. तबकांत लावलेलें झाड तें बॉनसाइ. माझी नात त्यांना ‘ओजीसान’ म्हणते, म्हणजे आजोबाच. त्या मुलीच्या दुभाषेपणानें आम्हां दोघां आजोबांचें संभाषण चाले. त्यांनीं तिला आपल्या फुजीच्या चार बिया दिल्या आणि प्रथम बजावलें तें हें कीं त्या तोंडांत घालावयाच्या नाहींत. फुजीचें बी विषारी असतें. हें आपल्याकडील आयाबहिणींनींहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पेरणीची रीत त्यांनीं दाखविली ती अशी. बिया एक अहोरात्र पाण्यांत भिजत घालावयाच्या. जी फुगत नाहीं तिचें कवच कानशीनें किंचित् घांसून तिला पुन्हां भिजवावयाचें. मार्चच्या सुमारास, कडक थंडी सरली म्हणजे, दाणेदार व पाणी न सांचणाऱ्या मातींत बोटाच्या पेराइतक्या खोलीवर त्या पेरावयाच्या. आमच्या बियांस अंकुर यावयास सुमारें चार आठवडे लागले. चारांपैकीं तीन रुजल्या. वाटाण्याप्रमाणेंच हिचीं द्विदलें जमिनींत राहतात आणि एकटाच कोंब वर येतो. पुढील काम दुसऱ्या वर्षीं. रोप उपटून त्याचें सोटमूळ आंखूड कापावयाचें, म्हणजे मुळें चोहों बाजूंस पसरतात. तबकांतल्या झाडाची सारी प्रतिष्ठा या पसरलेल्या मुळांवर असते. मग कांहीं वर्षें तें भुईंत वाढूं द्यावयाचें, कारण कुंडींत खोड लवकर जाड होत नाहीं. शिंबीकुलांतील वनस्पति असल्यामुळें मुळांवरील गांठी हवेंतील नत्र स्वतःच मिळवितात. वरून नत्रयुक्त खत फार घातलें तर पाला माजतो आणि फूल येत नाहीं. पाण्याची मात्र हिला मोठी तहान. कडक उन्हाळ्यांत कुंडी पाण्याच्या उथळ तबकांत ठेवून देतात. फुलें ओसरल्यावर शेंगा काढून टाकतात, कारण शेंगा पोसण्यांत लहान झाडाची शक्ति खर्ची पडते. आणखी एक अडचण अशी कीं, झाड कितीहि लहान केलें तरी फुलांचा घोंस लहान होत नाहीं. म्हणून फुजीचें बॉनसाइ हातावर मावेल इतकें चिमुकलें शोभत नाहीं.

एवढें सर्व करून फूल केव्हां? बियांपासून वाढलेली फुजी दहा-पंधरा वर्षें, कधीं वीस वर्षेंहि, फुलत नाहीं. आणि फुलली तरी तिचीं फुलें आईच्या वळणाचीं होतील अशी हमी नसते. म्हणून व्यवहारी माळी बियांच्या रोपाचा खुंट करतात आणि त्यावर फुलणाऱ्या झाडाच्या काडीचें कलम बांधतात. तें थोड्या वर्षांतच फुलूं लागतें. आपल्याकडे हापूसचें कलम करतात तसेंच हें. मूळ एका घरचें आणि बहर दुसऱ्या घरचा. एक प्रकारचें दत्तविधानच म्हणावयाचें.

मी ओजीसानांना विचारविलें, “आपण ऐंशींच्या घरांत आहां. मग कलमें तयार मिळत असतां दर वर्षीं बिया कां पेरतां?” नातीनें प्रश्न सांगितला. म्हातारबुवा थोडे हसले आणि म्हणाले, “विकत आणलेल्या झाडाचीं मुळें दुसऱ्या कोणी तरी कापलेलीं असतात. बियांपासून लावलेल्या झाडाची पहिली छाटणी आपल्या हातची असते. फूल मी माझ्या वडिलांच्या झाडाचें पाहतों.” त्यांच्या फळीवरची मोठी फुजी वडिलांच्या वेळची होती. मुलगा दूरच्या शहरीं असतो आणि त्याला झाडांची आवड नाहीं, हें त्यांनीं आपण होऊन सांगितलें, आणि मग पाण्याची झारी उचलली.

जपानांतील बॉनसाइची विद्या अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १९२३ सालच्या भूकंपानें तोकियो उध्वस्त झाल्यावर तेथील कांहीं माळ्यांनीं मोकळी जागा आणि चांगलें पाणी शोधीत उत्तरेस ओमिया येथें १९२५ सालीं बॉनसाइ-ग्राम वसविलें. तेथें राहणाराचे घरीं निदान दहा बॉनसाइ असावीं, बाग सर्वांस खुली असावी, कुंपण जिवंत झाडांचें असावें आणि घर दुमजली नसावें, असे आरंभींचे नियम होते. २०१० सालीं तेथें या कलेचें संग्रहालयहि उघडलें. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यांतील एक देवदार-जातीचें बॉनसाइ १६२५ सालापासून जोपासलेलें. १९४५ सालच्या अणुबाँबमधून तें वांचलें आणि १९७६ सालीं त्या घराण्यानें तें अमेरिकेला भेट दिलें. त्याची ती पूर्वकथा अमेरिकेंतील रक्षकांस २००१ सालीं, देणाराचे नातू तें झाड पाहावयास गेले तेव्हां, प्रथम कळली.

एप्रिलच्या अखेरीस आम्ही सर्व मंडळी तोचिगि प्रांतांतील आशिकागा येथें गेलों. या गांवीं जपानची अति प्राचीन पाठशाळा आहे. सोळाव्या शतकांत सेंट झेवियरनें आपल्या पत्रांत तिचा गौरवानें उल्लेख केला. ज्याचा देह आपल्या जुन्या गोव्यांत ठेवलेला आहे तोच हा झेवियर. पाठशाळा पाहून आम्ही फुलबागेंत गेलों. तेथील महावेल सुमारें १६० वर्षांची असून तिचा मांडव हजार चौरस मीटरांचा आहे. एकेका खांबापाशीं उभें राहून वर पाहावें तों जांभळें छत मंद वाऱ्यानें हलत आहे आणि मधमाशांचा अखंड गुंजारव चाललेला आहे. ही वेल मुळांत येथली नव्हे. १९९६ सालीं ती सुमारें २० किलोमीटरांवरून येथें आणली. एवढी मोठी फुजी हलविली तर मरेल असें जाणत्यांचें मत होतें. कोनामि त्सुकामोतो या वृक्षवैद्य बाईंनीं तें काम पत्करलें. दोन वर्षें मुळांची तयारी केली आणि वाटेंत खोडास इजा होऊं नये म्हणून मोडलेल्या हाडाला घालतात तसें प्लॅस्टर घातलें. नव्या जागीं वेल जगली इतकेंच नव्हे, तर तिचा विस्तार कितीतरी पटींनीं वाढला.

ही हकीकत ऐकतांना मीं नातीकडे पाहिलें. परदेशीं वाढणाऱ्या मुलांविषयीं आपल्या घरांत जी चिंता चालते ती माझ्याहि मनांत होती. ती घरीं मराठी बोलते, शाळेंत जपानी. हिशेब कोणत्या भाषेंत करते तें मीं विचारलें नाहीं. त्सुकामोतो बाईंनीं वेल हलविण्यापूर्वीं दोन वर्षें मुळांकडे दिलीं, एवढें मात्र मनांत भरलें. घरच्या माणसांनीं तेवढें केलें म्हणजे फूल कोणत्या वळणाचें येईल याची फार विवंचना करूं नये. रोपांचें काय करावयाचें हें आम्हीं तिच्यावरच सोंपविलें. तिनें सांगितलें कीं दोघांवर ओजीसानांच्या फुजीचें कलम बांधावयाचें आणि तिसरें तसेंच वाढूं द्यावयाचें, “त्याला काय यायचं आहे तें येऊं दे, आजोबा.” म्हातारबुवांस तें समजावल्यावर त्यांनीं तिसऱ्या कुंडीस आपल्या हातानें तिच्या नांवाची चिठ्ठी लाविली. त्यांच्या वडिलांच्या फुजीची काडी अशा रीतीनें एका मराठी मुलीच्या खुंटावर जगेल, हा योग लहानसा नव्हे.

माझ्याबरोबर बी मीं आणलें नाहीं. परदेशचें बी परवान्यावांचून आणण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यहि आहे. रोग व कीड बियांबरोबरच येते. शिवाय फुजीला हिंवाळ्याची खरी थंडी लागते. हिमालयाच्या थंड गांवीं ती फुलेल. आपल्या देशावर किंवा कोंकणांत ती फुलण्याची आशा धरूं नये. ज्या वाचकांस हौस असेल त्यांनीं चिंचोका पेरावा. चिंचहि शिंबीकुलांतलीच, पान बारीक, स्वभाव काटक, आणि तबकांत ती उत्तम शोभते. घरांतील सर्वांत लहान मुलाच्या हातून तो पेरवावा, पाणी घालण्याची पाळी आजोबांनीं घ्यावी, आणि पहिलें सोटमूळ दोघांनीं मिळून कापावें.