कडेचा दिवा

गाडीला पुढे दिवे असतात, मागे असतात, वळताना टिकटिक करणारे असतात, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण नुसती गाडीची कड दाखवण्यासाठी, दोन्ही बाजूंना मिळून चार वेगळे दिवे असू शकतात हे मला गेल्या जूनपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या बेळगावातल्या कारना ते नसतात. आपल्याकडे कडेला जो नारिंगी ठिपका दिसतो तो इंडिकेटर, वळतानाच लागतो. अमेरिकेत मात्र १९६८ पासून बनणाऱ्या गाड्यांना कडेला दिवा किंवा रिफ्लेक्टर सक्तीचा झाला आणि १९७० पासून दोन्ही. पुढच्या बाजूला नारिंगी, मागच्या बाजूला लाल. अंधारात गाडी आडवी उभी असेल तर तिचं तोंड कुठे, शेपूट कुठे, हे रंगावरून कळतं.

मामेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही पेनसिल्व्हेनियाला मामाकडे गेलो होतो. मामाकडे १९९४ची लाल माझदा मियाटा आहे. दोनच सीट, मागे ढकलता येणारं कापडी छप्पर, आणि बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे वर काढणारे हेडलाइट. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा अशा छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारचे दिवस संपले असं मानलं जात होतं. मामानं ती जुनीच घेतली, आणि मामीच्या मते तिच्यावर खर्च केलेल्या पैशात शहापुरात एक खोली आली असती.

तर या गाडीच्या पुढच्या डाव्या कडेची काच तडकली होती. आत पाणी शिरून बल्ब गेला होता. तिथे गाडीची दरवर्षी तपासणी होते, दिवेही बघतात, आणि तारीख जवळ आली होती. मामेभावानं परस्पर चार नवीन काचा मागवल्या. बापाला सरप्राइज म्हणून. काळपट धुरकट रंगाच्या. लाल गाडीवर त्या झकास दिसल्या असत्या, हे मी आजही म्हणेन.

मामानं खोका उघडला, एक काच उन्हात धरली आणि म्हणाला, "हे काय करूलैस रे?"

तीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या माणसाच्या तोंडून असं अस्सल बेळगावी निघालं की आमची मम्मी नेहमी हसते. त्या दिवशी हसली नाही. मामेभाऊ समजावत होता की आत जास्त उजेडाचा एलईडी टाकू, दिसेल की. मामानं एवढंच सांगितलं, की याच काचेत रिफ्लेक्टरही आहे. दिवा बंद पडला तरी समोरच्याच्या उजेडात तो चमकतो. काळी काच चमकत नाही. खोका परत गेला. मूळ नारिंगी काचा यायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत सूर्य मावळल्यावर मामानं गाडी गॅरेजबाहेर काढली नाही.

काम तसं तासाभराचं. मियाटाची बॅटरी पुढे नसते, डिकीत असते. तिची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. काचेभोवती मास्किंग टेप लावायची, म्हणजे हात निसटला तरी रंगावर ओरखडा येत नाही. काच बाहेरूनच दोन स्क्रूंवर बसलेली. खरी मेख इथे आहे. जपानी स्क्रूचा खाचा आपल्या नेहमीच्या चौफुली पेचकसासारखा दिसतो, पण मापात किंचित वेगळा असतो. साधा पेचकस जोर दिला की वर उचलला जातो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. मामाकडे खास जपानी मापाचा पेचकस होता. गंजावर तेल सोडून आम्ही चहा पिऊन आलो, मग स्क्रू निमूट फिरले.

काच सुटली की मागचं होल्डर पाव फेरा फिरवून बाहेर येतं आणि बल्ब नुसता सरळ ओढायचा. करंगळीच्या पेराएवढा, चार वॅटही न घेणारा. याला पितळी टोपी नसते, काचेचीच चपटी शेपटी. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांच्या पार्किंग लाइटला याच बैठकीचा बल्ब लागतो. आमचा काळा पडला होता आणि होल्डरच्या पट्ट्या हिरव्या. त्या मी बारीक पॉलिश पेपरनं घासल्या. हे काम मला दिलं होतं आणि मी ते मन लावून केलं. नवीन बल्ब, थोडं ग्रीस, नवीन रबर, वायर जोडून एकदा दिवा लावून बघणं, आणि मगच स्क्रू. तेही बोटांच्या जोरानं, कारण प्लॅस्टिक चिरतं.

दुसरी काच बसवताना मामा बोलला. माझ्याकडे न बघता, स्क्रूकडे बघत.

माझा धाकटा मामा जानेवारी १९९८ मध्ये वारला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. दर जानेवारीत त्याच्या नावानं मिस्सा असते, कपाटावर त्याचा फोटो आहे, आणि 'ॲक्सिडेंट' हा एक शब्द. त्यापलीकडे घरात कोणी गेलं नाही. मामा म्हणाला, "संकेश्वरच्या पुढे. ऊसाची डबल ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढत होती. ट्रॅक्टर पलीकडे पोचला होता. त्याचे दिवे पलीकडच्या शेतावर. मधल्या ट्रॉलीला काही नव्हतं." मग थोडं थांबून, "बाजूनं दिसत नव्हती."

तो तेव्हा इथे होता. फोनवर त्याला हे सगळं कुणी सांगितलं, का त्यानं नंतर विचारून काढलं, मी विचारलं नाही. मामेभाऊ स्क्रूंची वाटी धरून उभा होता. त्यालाही हे नवीनच होतं.

अंधार पडल्यावर मामानं आम्हा दोघांना रस्त्यावर पिटाळलं. त्यानं गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी आडवी लावली, हेडलाइट न उघडता नुसते छोटे दिवे लावले आणि ओरडून विचारलं, दिसते का. आम्ही अजून मागे गेलो. चौथ्या घरापर्यंत. लाल रंग केव्हाच काळोखात गेला होता, पण एक नारिंगी आणि एक लाल ठिपका होता, आणि दोघांमधलं अंतर कळत होतं.

रात्री मी मम्मीला विचारलं. तिला ठाऊक होतं. "मागे लाल फडकं बांधलं होतं म्हणे ट्रॉलीला," ती म्हणाली, "नियमाप्रमाणे."

परत आल्यावर सीझन सुरू झाला. शनिवारी मी चिकोडीहून बसनं येते तेव्हा खिडकीशी बसते. ट्रॉल्यांच्या मागे आता बऱ्याचदा चमकणाऱ्या पट्ट्या असतात. कडेला अजून थोड्यांनाच आहेत. गेल्या शनिवारी निपाणीपर्यंत सोळा मोजल्या, त्यातल्या तीन.