अरणगावचे बाबा आणि दहा सीडींची पेटी

'बाबा ओरायली' या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपल्या अरणगावचे मेहेरबाबा! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. भेटेल त्याला थांबवून सांगतो आहे. नगरहून दौंडकडे निघालं की थोड्याच वेळात मेहेराबाद लागतं. रेल्वेचे रूळ ओलांडून टेकडीवर गेलं की समाधी. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला तिथे देशोदेशीची माणसं येतात आणि दुपारी बारा ते सव्वाबारा सगळी पंधरा मिनिटं मौन पाळतात. नगरमध्ये वाढलेल्या कुणालाही हे माहीत असतं. पण लंडनच्या 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडने १९७१ साली जगभर गाजलेल्या आपल्या गाण्याच्या नावात याच बाबांना बसवलं, आणि गाण्याच्या शब्दांत मात्र ते नाव एकदाही घेतलं नाही, हे आम्हाला कुणी कसं सांगितलं नाही?

मला ते सांगितलं एका पेटीने. 'हूज नेक्स्ट' हा 'द हू'चा ऑगस्ट १९७१चा अल्बम. त्यात गाणी फक्त ९. सप्टेंबर २०२३मध्ये त्याच अल्बमची जी मोठी आवृत्ती निघाली तिच्यात १० सीडी, एक ब्लू-रे, एक जाडजूड पुस्तक आणि एक चित्रकादंबरी आहे. एकूण १५५ ध्वनिमुद्रणं, आणि त्यातली ८९ याआधी कधीच बाहेर आली नव्हती. घरात टेपवर करून ठेवलेले कच्चे डेमो, सोडून दिलेले टेक, अर्ध्यावर मोडलेली सत्रं, दोन मैफली, सगळं आहे. गाणी ऐकणाऱ्या मित्रांत यावर जोरात वाद होतो. कलावंताने जे बाजूला टाकलं ते बाजूलाच राहू द्यावं, एकाच गाण्याची पाच-पाच रूपं ऐकून काय मिळतं, हा सगळा कंपन्यांचा पैसे काढायचा उद्योग आहे, असं अनेकांचं म्हणणं. मी या पेटीत शिरलो आणि मला जे मिळालं ते मूळ अल्बमने कधीच दिलं नव्हतं.

कारण इथे टाकून दिलेला माल हीच खरी गोष्ट आहे! टाउनशेंडला 'हूज नेक्स्ट' करायचाच नव्हता. त्याला 'लाइफ हाउस' करायचं होतं: चित्रपट, मैफल आणि अल्बम असं सगळं एकत्र. हवा विषारी झालेलं जग आहे, माणसं विशिष्ट पोशाखात बंद आहेत, एका जाळ्यातून त्यांच्या मेंदूत करमणूक सोडली जाते आहे, संगीतावर बंदी आहे. हे सगळं त्याने १९७०-७१मध्ये कल्पिलं! मग काही बंडखोर एक मैफल भरवतात. तिथे प्रत्येक माणसाची उंची, वजन, जन्मकुंडली अशी माहिती यंत्रात घालून त्या माणसाचं स्वतःचं संगीत काढायचं, ती सगळी संगीतं एकमेकांत मिसळत जाणार, आणि शेवटी उरणार एकच सूर, ज्यात सगळे विरून जाणार. हा विचार त्याने सूफींकडून घेतला होता. गायकवाडांच्या बडोद्यात १८८२ साली जन्मलेले हजरत इनायत खाँ यांचं नाद आणि अध्यात्म यांवरचं लेखन त्याने वाचलं होतं. आणि मेहेरबाबा तर १९६८च्या सुमारास त्याच्या आयुष्यात आलेच होते.

बँडला ही कथा काही केल्या उमगेना. चित्रपट झाला नाही. टाउनशेंड मनाने पार खचला. निर्माता ग्लिन जॉन्सने जमलेल्या गाण्यांतली ९ उचलून एका तबकडीचा सुटसुटीत अल्बम केला, आणि तो अजरामर झाला. पण ज्या गाण्यात त्या एका सुराची कथा होती, म्हणजे 'प्युअर अँड ईझी', तेच गाणं अल्बममध्ये नाही! मंदिर बांधलं आणि मूर्ती बाहेर राहिली. ती मूर्ती या पेटीत आहे. टाउनशेंडचा घरचा डेमो आहे, बँडने केलेली रूपंही आहेत, आणि ती ऐकताना बाकीची ९ गाणी एकदम एकमेकांकडे बोट दाखवायला लागतात.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीबद्दल. इथे टाउनशेंडचे घरचे डेमो आहेत. त्याने ते एकट्याने केले, गिटार, बास, ड्रम, पियानो, गाणं सगळं स्वतः. 'टीनएज वेस्टलँड' नावाचा एक डेमो सुरू होतो. पियानोवरचं संथ, उदास गाणं. एक शेतकरी कुटुंब घेऊन लंडनकडे निघाला आहे. ओळखीचे शब्द येतात आणि तरी ते गाणं ओळखीचं वाटत नाही. पुढे वेगळाच एक डेमो लागतो, त्यात शब्दच नाहीत. नुसता ऑर्गन, कितीतरी मिनिटं भिरभिरत राहणारा. हाच तो जगप्रसिद्ध आवाज! लोक त्याला सिंथेसायझर समजतात, पण तो लोरी कंपनीचा घरगुती ऑर्गन आहे. त्यात एक सोय होती: स्वर दाबून धरले की ते आपोआप थडथडत, पुन्हा पुन्हा वाजत राहायचे. म्हणजे 'बाबा ओरायली' हे मुळात एक गाणं नव्हतंच. ही दोन वेगळी माणसं होती, एक पियानोवर रडणारं आणि एक ऑर्गनवर नाचणारं, आणि कुणीतरी दोघांचं लग्न लावलं! हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं असतं तर मी मान डोलावून पुढे गेलो असतो. कानाने कळलं तेव्हा मी उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो.

आणि पुढची गोष्ट तर आणखी सुंदर. स्टुडिओत बँडने तो ऑर्गन नव्याने वाजवलाच नाही. घरची टेप कापून-जोडून घेतली आणि बँडच्या कीथ मूनने तिच्यावर ड्रम वाजवले. डेमो म्हणजे फेकून द्यायचा कच्चा खर्डा असं आपण समजतो. इथे तो खर्डाच पक्क्या गाण्याच्या आत जिवंत बसलेला आहे. शेवटी येणारं व्हायोलिन डेमोत नाही, ते डेव्ह आर्बसने नंतर वाजवलं. ते नसताना गाणं ऐकलं की कळतं की त्या व्हायोलिनने काय केलं आहे.

गाण्याच्या नावातला दुसरा अर्धा भाग 'रायली', म्हणजे कॅलिफोर्नियाचा संगीतकार टेरी रायली. छोटे छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा वाजवत, हळूहळू सरकवत नेण्याची रीत त्याने 'इन सी' या १९६४च्या रचनेत रुजवली, आणि त्या ऑर्गनमध्ये तीच आहे. हा रायली १९७०मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे! ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले आणि ज्यांच्या शिष्यपरंपरेत सवाई गंधर्व आणि भीमसेन झाले. एका इंग्रजी रॉक गाण्याच्या दोन शब्दांच्या नावात एकीकडे अरणगाव आणि दुसरीकडे किराणा, आणि आपण ते कॉलेजच्या पार्ट्यांत नुसतं नाचायला लावत होतो.

'बार्गेन' या गाण्याचा डेमो स्वतंत्रपणे ऐकायला हवा. बँडचा गायक रॉजर डॉल्ट्री ते अल्बममध्ये छाती फुगवून गातो, आणि बहुतेकांना ते प्रेयसीला उद्देशून वाटतं. टाउनशेंडने स्वतः सांगितलं आहे की ते देवासाठी आहे, स्वतःला हरवून त्याला मिळवण्याबद्दल. त्याच्या एकट्याच्या पातळ, थोड्या कापऱ्या आवाजात ते आलं की सौदा कुणाशी चालला आहे याची शंका उरत नाही. कीर्तन ऐकत वाढलेल्या मराठी कानाला तर ते दोन ओळींतच कळतं.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओतली मार्च १९७१ची सत्रं मला दमवून गेली, जरी त्यातला लेस्ली वेस्टचा गिटार मोलाचा आहे. बॉब डिलनच्या २०१५च्या एका पेटीत 'लाइक अ रोलिंग स्टोन' या एकाच गाण्याला एक अख्खी सीडी दिली आहे. ती अभ्यासकाने ऐकावी. माझं मत असं झालं आहे की पूर्ण झालेल्या कामाचे उरलेले तुकडे क्वचितच जीव लावतात, पण जे काम कधी पूर्णच झालं नाही, जसं 'लाइफ हाउस' किंवा बीच बॉइजचं 'स्माइल', तिथे तुकडे हाच एकमेव ग्रंथ असतो. तिथे पेटी हवीच, आणि मोठी हवी.

आणि एका गाण्याची अनेक रूपं ऐकणं आपल्याला नवं थोडंच आहे! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता येतात आणि त्यातल्या कितीतरी ऐकताही येतात. एकच ओवी एका गावात सासरच्या दुखण्याकडे वळते आणि दुसऱ्या गावात विठ्ठलाकडे. त्यातली खरी कुठली, असं कुणी विचारत नाही. मग स्टुडिओतल्या टेकला आपण 'उरलेला' का म्हणायचं? माझी तर फार इच्छा आहे की आपल्या भावगीतांच्या, नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रणांतलं जे काही टेपवर उरलं असेल ते असंच जपून, तारखा आणि वादकांची नावं घालून बाहेर यावं. चाल सुचतानाचं हार्मोनियम, गायिकेने मध्येच थांबून विचारलेला प्रश्न, बदललेली एक हरकत! ते ऐकायला मी वाटेल ती किंमत मोजेन.

किमतीचं बोलायचं तर ही पेटी महाग आहे, पण त्यातलं संगीत ऑनलाइन ऐकता येतं, त्यामुळे कुणी अडून राहू नये. क्रम माझा ऐका. आधी मूळ अल्बम एका बैठकीत. मग थेट दुसरी आणि तिसरी सीडी, मधलं काही नाही. त्यानंतर २६ एप्रिल १९७१ची लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहातली मैफल, जिथे ही गाणी अल्बम यायच्या आधीच लोकांसमोर वाजली. आणि मग पेटीबाहेर पडून टाउनशेंडचा १९७२चा स्वतःचा अल्बम 'हू केम फर्स्ट' घ्या, तोही २०१८ची दोन सीडींची आवृत्ती. तो सरळसरळ मेहेरबाबांना वाहिलेला आहे. बाबांना आवडणारं जिम रीव्ह्जचं एक गाणं त्यात टाउनशेंड गातो, आणि मेहेरबाबांच्या 'परवरदिगार' प्रार्थनेला त्याने लावलेली चाल तिथे आहे. जादाच्या सीडीवर त्याच प्रार्थनेचा एक वेगळा टेक आहे, आणि भारतात गायलेलं 'ड्राउन्ड' आहे.

ती प्रार्थना मेहेराबादला समाधीपाशी आजही रोज म्हटली जाते. ज्या नगरकरांना ती पाठ आहे त्यांनी हे दोन्ही टेक पाठोपाठ ऐकावेत आणि कुठला जास्त लागला ते मला जरूर सांगावं. माझं मत जादाच्या सीडीवरच्या टेकला आहे.