दातावर दात

माझ्या वरच्या डाव्या सुळ्याला जबड्यात जागाच उरली नव्हती. तो वर हिरडीतून, शेजारच्या दाताच्या अंगावर चढून आला आणि सांगलीच्या घरी त्याचं कौतुक झालं. दातावर दात म्हणजे पोर नशिबाची, असं आजी आल्यागेल्याला सांगायची. पण रोज सकाळी न्हाणीघरात माझं तोंड धुताना तीच अंगठ्याने तो सुळा खाली दाबायची. "रोज दाबत जा, बसेल जागेवर."

पहिल्या शतकात केल्सस या रोमन लेखकाने जवळपास हेच लिहून ठेवलं आहे. दुधाचा दात पडायच्या आत पक्का दात आला, तर दुधाचा काढून टाकावा आणि नव्याला रोज बोटाने त्याच्या जागेकडे ढकलत राहावं. आजीला कोण केल्सस ते माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तिचा विचार योग्य दिशेने चालला होता. दाब आणि चिकाटी, या दोन गोष्टींवरच हे सगळं शास्त्र आजही उभं आहे. तिच्या अंगठ्याला कमी पडला तो वेळ. मिनिटभराच्या दाबाने हाड हलत नाही.

शाळेत आमच्या वर्गात एकाच मुलीच्या दातांना तारा होत्या, आणि तिचे वडील डॉक्टर होते. बाकीच्यांच्या घरी दात म्हणजे घासायची आणि किडली तर काढायची वस्तू. टीव्हीवर विको वज्रदंतीची जाहिरात लागायची, कपाटात काळ्या दंतमंजनाचा डबा असायचा, आणि दाताची काळजी तिथेच संपायची. पुढे लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा मावशीने मायेनेच बजावलं, "पाहुणे आले की हसताना जरा बेताने." तेव्हापासून हसू आलं की माझा डावा हात आपोआप तोंडाकडे जाऊ लागला. लग्नाच्या अल्बममध्ये माझा एकही दात दिसत नाही.

हे सगळं मागे पडलं असतं. पण इंग्लंडमधल्या रेडिंगला आल्यावर काही वर्षांनी माझ्या लेकीचाही सुळा तसाच वर चढून आला. इथे अठरा वर्षांखालच्या मुलांना गरज असेल तर दात सरळ करण्याचे उपचार एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, फुकट मिळतात. गरज आहे की नाही ते ठरवायला पाच पायऱ्यांचा एक निर्देशांक वापरतात. चौथी-पाचवी पायरी असली की काम होतं, तिसरीवर दिसण्याचाही विचार होतो आणि त्याखाली नकार येतो. लेक चौथ्या पायरीवर बसली. तिच्या तोंडात आरसा धरलेल्या ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, हा सुळा तुमच्याकडूनच आलेला दिसतो. मी हसले, आणि हात तोंडावर गेला. त्यांनी तो पाहिला. तुम्हीही विचार करा, म्हणाल्या.

माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते मराठीतच आलं: या वयात कशाला?

या वाक्याचा मला आता राग येतो. आपल्याकडे बाईच्या चाळिशीनंतर तिच्या शरीरावर केलेला कुठलाही खर्च या वाक्याच्या तावडीतून सुटत नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. माझ्या शेजारच्या आजी लँकशरच्या आहेत. त्यांच्या आईचे सगळे दात, चांगले होते तेही, लग्नाआधी काढून कवळी बसवली होती, म्हणजे पुढे नवऱ्याला दाताचा खर्च नको. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली तेव्हा कवळ्यांसाठी अशी झुंबड उडाली की तीन वर्षांतच सरकारने कवळी आणि चष्म्यावर पैसे आकारायचं ठरवलं. ती योजना उभी करणारे मंत्री नाय बेव्हन यांनी त्याविरुद्ध एप्रिल १९५१ मध्ये राजीनामा दिला. गरिबाच्या तोंडातल्या दातांसाठी एका माणसाने मंत्रिपद सोडलं, हे वाचल्यापासून मला ते फार जवळचे वाटतात.

मोठ्यांना मात्र दात सरळ करण्याचा उपचार एनएचएसवर क्वचितच मिळतो. मला खासगीतच करावा लागला. दातांवर बसणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या ट्रेंना, म्हणजे अलाइनरना, इथे साधारण दोन ते पाच हजार पौंड पडतात, दात किती हलवायचे आहेत त्यावर. रक्कम मोठी आहे. मी ती हप्त्याने भरली आणि कोणाला विचारलं नाही.

वयाबद्दल बाईंनी जे समजावलं ते मी तेव्हापासून अनेकींना सांगितलं आहे. दात हाडात खिळा ठोकल्यासारखा पक्का बसलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या जाडीचा एक तंतूंचा पडदा असतो. दाताला एका बाजूने सतत हलका दाब मिळाला की दबलेल्या बाजूचं हाड पेशी खाऊन टाकतात, आणि मोकळ्या झालेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. मुलांमध्ये हे काम लवकर सुरू होतं, मोठ्यांमध्ये थोडं रेंगाळतं, पण ते कधी बंद होत नाही. अडचण आली तर ती हिरड्यांची येते. हिरड्या सुजलेल्या असताना, आधार देणारं हाड झिजलेलं असताना दात हलवले तर असलेला आधारही जातो. म्हणून माझ्या बाबतीत सुरुवातीला अलाइनरचं नाव कोणी काढलंच नाही. एक्स-रे झाले, हायजिनिस्टने हिरडीखालचा चुना खरवडून काढला, घरी दातांच्या फटीत घालायचे छोटे ब्रश दिले, आणि हिरड्यांतून रक्त यायचं थांबल्यावरच पुढचं बोलणं झालं. पहिल्याच भेटीत थेट अलाइनर हातात ठेवायला निघालेल्या दवाखान्यातून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोस्टाने माप मागवून पोस्टानेच ट्रे पाठवणाऱ्या कंपन्यांबद्दलही तेच. स्माइलडायरेक्टक्लब ही त्यातली मोठी अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद पडली आणि ब्रिटनमधलेही तिचे ग्राहक उपचार अर्धवट असताना वाऱ्यावर पडले. दात हलत असताना ते बघणारं माणूस समोर हवं, आणि त्याचं नाव जनरल डेंटल कौन्सिलच्या नोंदणीत हवं. ते घरबसल्या तपासता येतं.

माप घ्यायला आता तोंडात तो ओकारी आणणारा लगदा भरत नाहीत. जाडसर पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवतात. थोड्या दिवसांनी संगणकावर माझा जबडा दिसला, आणि बाईंनी बटण दाबल्यावर सुळा टप्प्याटप्प्याने खाली उतरत ओळीत येऊन उभा राहिला. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात अलाइनरची कंपनी काढली ती याच कल्पनेवर: शेवट आधी आखायचा, मग तिथपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा वेगळा ट्रे करायचा. एक ट्रे दाताला जेमतेम पाव मिलिमीटर हलवतो. म्हणून ट्रेंची मोठी माळ लागते, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक बदलायचा.

पडद्यावर सगळं सरळ दिसलं, तरी बाईंनी तेव्हाच सांगितलं की सुळा हा प्लास्टिकला दाद न देणारा दात आहे. गोलसर असल्यामुळे तो पकडीतून निसटतो, आणि त्याला खाली ओढणं तर आणखी कठीण. त्यासाठी दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवले, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. ट्रे त्यांना धरून दात ओढतो. जागा करायला काही दातांच्या कडा कागदासारख्या पातळ पट्टीने किंचित घासल्या. दुखलं नाही, पण तो करकर आवाज डोक्याच्या आतून येतो आणि तो कोणी आधी सांगितलेला बरा.

पहिल्या रात्री तोंड परक्याचं वाटलं. दुसऱ्या दिवशी ट्रे काढून पोळीचा घास चावला तेव्हा कळलं की दाताला खरोखर काहीतरी होतंय. प्रत्येक नव्या ट्रेचे पहिले दोन-तीन दिवस असेच, ठणका कमी आणि ताण जास्त. मी आमटीत पोळी कुस्करून खाल्ली. एक कड जिभेला लागत होती, ती नखाच्या कानशीने घासून घेतली. बोलताना "स" घसरला, आणि "चमचा", "जरा", "झाड" म्हणताना जिभेचं टोक ज्या जागी टेकतं तिथे आता प्लास्टिक होतं. सांगलीहून आईने फोनवर लगेच विचारलं, "तोंडात काय आहे गं?" ऑफिसात इंग्रजी बोलताना कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी संध्याकाळी स्वयंपाक करताना मोठ्याने मराठी वाचत राहिले आणि जीभ हळूहळू सरावली.

खरा बदल खाण्यात होतो. दिवसाचे वीस ते बावीस तास ट्रे तोंडात हवा, आणि तो असताना पाण्याशिवाय काही नाही. चहाचे घोट घेत काम करण्याची सवय गेली. इथल्या ऑफिसात कोणीतरी उठून सगळ्यांसाठी चहा करतं, ती पाळी मी सोडली नाही, फक्त माझा कप चहाऐवजी गार पाण्याचा झाला, कारण गरम पाण्याने ट्रेचा आकार बिघडतो. जेवणानंतर दात घासल्याशिवाय ट्रे घालायचा नाही, नाहीतर अन्न दाताला बांधून ठेवल्यासारखं होतं. आपल्या जेवणात तर हळद आहे. दातावर राहिलेली वरणाची हळद ट्रे पिवळा करते, आणि अटॅचमेंटवर चढलेला रंग सहजासहजी जात नाही. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या डॉलिस हिलमधल्या कार्यक्रमात मसालेभात झाला की मी ब्रश घेऊन बेसिनकडे जायची. संक्रांतीला प्रश्न आला तिळगुळाचा. दर दोन मिनिटांनी कोणीतरी हातावर ठेवतं आणि नाही म्हणवत नाही. मी तो रुमालात बांधून आणला आणि रात्री जेवणाबरोबर सगळा खाल्ला.

सरळ झालेले दात मुलांच्या दातांसारखे दिसतील, अशी अपेक्षा मोठ्यांनी ठेवू नये. एकमेकांवर चढलेले दात सुटे झाले की त्यांच्यामध्ये हिरडीजवळ एक छोटी काळी त्रिकोणी फट दिसू शकते, कारण तिथली हिरडी वयानुसार खाली सरकलेली असते. माझ्याही दोन दातांत ती आहे. पहिली माळ संपली तेव्हा सुळा पूर्ण उतरला नव्हता. पुन्हा माप, पुन्हा नवे ट्रे. बहुतेकांचं असं होतं आणि त्याचे पैसे मूळ रकमेत धरलेले आहेत का, ते सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

सुळा ओळीत आला त्यानंतरही कितीतरी दिवस हसताना माझा हात वर जात होता. हाड हलायला वर्षभराहून थोडा जास्त वेळ लागला. हाताला अजून लागतो आहे.

आता रोज रात्री रिटेनर घालायचा, आणि तो कायमचा. नवं हाड घट्ट व्हायला वेळ लागतो, हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि वयाबरोबर दात तसेही पुढे सरकतात. मी दोन जोड करून घेतले आहेत. भारतात जाताना एक हातातल्या बॅगेत असतो.

गेल्या दिवाळीत आईने माझं तोंड उजेडात धरून पाहिलं. तिचाही सुळा तसाच आहे, उजवीकडचा. तो कधी कोणाच्या डोळ्यावर आला नाही, कारण ती पदर तोंडाला लावूनच हसत आली. तिने विचारलं, "माझं होईल का गं आता?" मी तिला सांगितलं की वय आड येत नाही, हिरड्या बघाव्या लागतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी स्वच्छता करायला सांगितली आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. तिने तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.