हाताने दुरुस्त होणारी गाडी

अँबेसेडरला खान्देशात कोणी रीतसर श्रद्धांजली वाहिली नाही. २४ मे २०१४ रोजी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात काम थांबवल्याची नोटीस लागली आणि पन्नासहून अधिक वर्षं चाललेलं उत्पादन बंद पडलं. २०१७मध्ये गाडीचं नुसतं नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडे गेलं. ज्या गाडीतून धुळ्या-जळगावच्या लोकांनी अडलेल्या बायका दवाखान्यात नेल्या, नवरदेव मिरवले, वडीलधाऱ्यांच्या अस्थी नाशिकला पोचवल्या, ती गेल्याचं दुःख इथे चारचौघांत कोणी बोलून दाखवलं नाही. मला ते बोलायचं आहे. आणि नुसतं गाडीबद्दल नाही. लांबच्या रस्त्याला निघण्याआधी तिला तयार करण्याची जी एक रीत होती, तीही गाडीबरोबर गेली, त्या रीतीबद्दल बोलायचं आहे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यांचे तीन आणि सहा हे जुने क्रमांक केव्हाच बदलले, पण जुनी माणसं अजून तेच सांगतात. शहराच्या भर बाजारातल्या रस्त्याचं नावही आग्रा रोडच. अशा गावात गॅरेजं पिकणारच. १९६८च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीला निघालेल्या मोटारशर्यतीच्या गाड्या दिल्लीहून आग्रा, इंदूर करत याच महामार्गाने मुंबईत उतरल्या आणि तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. शर्यत अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरने जिंकली. दुसरी आली पॅडी हॉपकर्क यांची ऑस्टिन १८००. त्या ऑस्टिनचं इंजिन बीएमसी कंपनीच्या ‘बी’ मालिकेतलं. आपल्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच मालिकेतलं, त्याचा धाकटा भाऊ. अर्धी पृथ्वी पालथी घालायला निघालेल्या त्या गाडीच्या इंजिनाची जात धुळ्याच्या मिस्त्रीला तळहातासारखी ठाऊक होती. हे मला आजही अभिमानाचं वाटतं.

गाडी मुळात विलायती, मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घेतलेली. पण तिला आपलं केलं ते इथल्या रस्त्यांनी आणि इथल्या उन्हाने. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. त्या उन्हात इंजिनाच्या पंपापर्यंत येता येताच पेट्रोलची वाफ व्हायची, कार्बोरेटरला थेंब पोचायचा नाही आणि भर रस्त्यात गाडी ठप्प. याला व्हेपर लॉक म्हणतात हे ड्रायव्हरला माहीत असो वा नसो, उपाय पक्का माहीत असायचा: पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं लिंबाच्या सावलीत थांबायचं, पुन्हा सेल्फ मारायचा. म्हणून उन्हाळ्यात निघताना पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचा तुकडा डिकीत असायचाच. जळगाव स्टेशनवर उतरून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याला जाणाऱ्या पाहुण्यांना अँबेसेडर टॅक्सी मिळायची, तिच्या बॉनेटखालीही असं फडकं दिसायचं. रेडिएटर झिरपायला लागला तर त्यात हळद टाकायची. पेट्रोलची टाकी गळली तर अंगाचा साबण मळून भेगेत बसवायचा. हे उपाय कुठल्या पुस्तकातले नव्हते, पण ते घरापर्यंत आणून सोडायचे.

आता त्या तयारीची रीत कळावी म्हणून किल्लारीच्या भूकंपाच्या वेळचं सांगतो. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरा विसर्जन आटोपून लोक झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि आसपासची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातून मदत निघाली. आमचे आबा धुळ्यात डॉक्टर होते. त्यांची अँबेसेडर मार्क थ्री, म्हणजे तेव्हाही जुनीच, दवाखाना आणि घर एवढीच पळत असलेली. औषधं, बँडेज, प्लॅस्टर, धनुर्वाताची इंजेक्शनं, चादरी आणि गल्लीतल्या बायकांनी थापलेल्या भाकरी घेऊन ते निघणार होते. धुळ्याहून चाळीसगाव, कन्नडचा घाट, औरंगाबाद, बीड, अंबाजोगाई, लातूर आणि पुढे किल्लारी; साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. एवढ्या भरल्या गाडीने आबा तोवर कधी गेले नव्हते.

संध्याकाळी गाडी मिस्त्रीच्या दारात उभी केली. मिस्त्रीने आबांना एवढंच विचारलं, ‘वजन किती?’ औषधांची खोकी पाहिली आणि आधी मागच्या चाकांकडे गेला. मागचे कमान-पाटे बसलेले होते. एकेक जास्तीचा पाटा घालून त्याने गाडीची मागची बाजू चार बोटं उचलली. मग चारही चाकं उतरवून ड्रम उघडले. अँबेसेडरला चारही चाकांना ड्रमब्रेक, आणि घाटात ब्रेक हाच जीव. व्हील सिलेंडरची रबरं काढून नवीन किट घातलं, ब्रेक ऑईल बदललं, एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली निपल सोडून हवा काढायची, असं चाललं. किंगपिनना ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येईतो दाबलं. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, डिफरन्शियलचं ऑईल बदललं. फॅनबेल्टला अंगठा लावून ताण पाहिला आणि एक बेल्ट जादा दिला.

रात्री नऊनंतर खरं काम सुरू झालं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून त्याने पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फिलर गेजची पंधरा थाऊची, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची, पट्टी मधे सरकवली आणि ती न अडकता, पण चिकटून निघते का हे दोनदा पाहिलं. प्लगांची गॅप पंचवीस थाऊ. मग व्हॉल्व्हचं झाकण काढून एकेक टॅपेट. हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायचं काम माझ्याकडे होतं. त्याने हात वर केला की थांबायचं. शेवटी इंजिन चालू केलं, लांब पेचकस घेतला, त्याचं पातं इंजिनाच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून तो बराच वेळ ऐकत राहिला. तिसऱ्या सिलेंडरवर पुन्हा गेला, अगदी किंचित फिरवलं, पुन्हा ऐकलं. मग आबांकडे वळून म्हणाला, ‘आते गाडी पक्की शे आबा, बिनघोर जा.’

मजुरीचं विचारलं तर त्याने हात जोडले. सामानाचे पैसे तेवढे घेतले. निघताना आपल्या फळीवरची एक कॉइल, एक कंडेन्सर आणि पॉइंटचा सेट कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवला; लागलं तर वापरा, नाही लागलं तर परत द्या. किल्लारीला त्या वर्षी पैसे पाठवणाऱ्यांच्या आणि धान्य पाठवणाऱ्यांच्या याद्या झाल्या असतील. अशा रात्रभर जागलेल्या मिस्त्रींची यादी कोणी केली नाही. महाराष्ट्रभर त्या आठवड्यात किती गॅरेजांत दिवे जळत राहिले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. मदत नेणाऱ्याइतकाच, मदत पोचेल अशी गाडी करून देणाराही त्या कामात सहभागी होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यात अडचण आलीच. कन्नडचा घाट गाडी दुसऱ्या गिअरवर व्यवस्थित चढली, पण गेवराईच्या पुढे रेडिएटरचा वरचा होजपाइप फाटला. जादा होज सोबत घेतलेला नव्हता. रस्त्याकडेला ट्रक दुरुस्त करणाऱ्या पोराने ट्रकच्या जुन्या होजचा तुकडा कापला, क्लिप आवळली, पाणी भरलं आणि गाडी पुढे पाठवली. तो ट्रकचा कारागीर, अँबेसेडर त्याच्या रोजच्या हाताखालची नव्हे. तरी अर्ध्या तासात काम झालं, कारण बॉनेट उघडल्यावर काय कुठून कुठे जातं हे डोळ्यांना दिसत होतं. त्या होजवरच गाडी किल्लारीला पोचली आणि परतही आली. तिथे आबा पाच दिवस राहिले. पाहिलेलं त्यांनी पुढे फारसं सांगितलं नाही.

मला अँबेसेडरचं मोठेपण इथे दिसतं. गाडी म्हणून तिच्यात खोटी पुष्कळ होत्या. पेट्रोल प्यायची. स्टिअरिंग जड. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर कधी अडकला तर बॉनेट उघडून हाताने सोडवावा लागायचा. समोरच्या धडकेत माणूस वाचवण्याची आजच्यासारखी सोय तिच्यात नव्हती, आणि तिच्या आठवणीपायी ही गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली, ती हलकी होती, कमी पेट्रोलवर पळत होती, आणि लोकांनी तिला उचललं त्यात लोकांचं काही चुकलं नाही. धुराचे नियम कडक झाले तेही गरजेचंच होतं. उत्तरपाड्याच्या कारखान्याला या सगळ्याशी जुळवून घेता आलं नाही. १९९२च्या सुमारास इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं, गाडी पळायला लागली, पण अंग तेच राहिलं. शेवटी ती पांढऱ्या रंगात, साहेबांच्या दारातच जास्त दिसू लागली आणि कलेक्टर कचेरीतूनही हळूहळू गेली.

पण एक गोष्ट तिच्यात होती जी नंतरच्या कुठल्याच गाडीत मला दिसली नाही. मध्यम कमाईचा, यंत्रातलं काही न कळणारा माणूस जुनी गाडी घेऊन पाचशे किलोमीटरवरच्या परक्यांच्या दुःखात धावून जायला धजावत होता. कारण रस्त्यात काहीही झालं तरी कोणीतरी ती दुरुस्त करील, ही खात्री त्याला होती. पारोळा असो, एरंडोल असो, दहिवेल असो की कोंडाईबारीच्या घाटाच्या पायथ्याचं गाव असो, पान्यांची पिशवी असलेला एक तरी हात तिथे भेटणार. २६ जानेवारी २००१ला भूज हादरलं तेव्हाही साक्री, नवापूर, सुरतमार्गे कच्छकडे जाणारा रस्ता आपल्या दारातून जात होता. ट्रक गेले, जीपगाड्या गेल्या, आणि कॅरिअरवर ताडपत्री बांधलेल्या म्हाताऱ्या अँबेसेडरही गेल्या.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा पिकअप आणि टेम्पो भरून मदत निघाली. रात्रभर तयारी करण्याची गरज उरली नव्हती. किल्ली फिरवली, डिझेल भरलं, निघाले. मदत लवकर पोचते, हे चांगलंच आहे. आजची गाडी बंद पडली तर मेकॅनिक स्कॅनर लावतो, पडद्यावर बिघाडाचा क्रमांक उमटतो आणि सबंध भाग बदलला जातो. ज्या गावात तो स्कॅनर नाही आणि तो भाग नाही, तिथे मात्र गाडी टोचन करूनच न्यावी लागते. पेचकस कानाला लावून तिसऱ्या सिलेंडरचं दुखणं ओळखणारा माणूस आता सत्तरीच्या पुढे आहे. त्याचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, नातू पुण्याला नोकरीला आहे. त्याच्याकडचं ज्ञान लिहून ठेवायला कोणी बसलेलं नाही.

आमच्या आबांची गाडी त्यांच्यामागे बरीच वर्षं अंगणात होती. पुढे अशी जुनी गाडी ठेवणं महागलंही; पंधरा वर्षं उलटलेल्या मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायचं शुल्क १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. धुळ्या-जळगावात अजूनही कित्येकांच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीखाली अशा गाड्या आहेत. त्यांच्या मालकांना माझं सांगणं आहे. गाडी रस्त्यावर आणायची नसेल, शुल्क परवडत नसेल, तरी लोखंडाच्या वजनावर ती घालू नका. जवळच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग असेल तर तिथे जाऊन चौकशी करा आणि गाडी मुलांना शिकायला द्या. बॉनेट उघडल्यावर सगळं डोळ्यांना दिसतं, अशी शिकायची गाडी त्यांना आता दुसरी मिळणार नाही. आणि द्यायला जाल तेव्हा तुमच्या गल्लीतला तो म्हातारा मिस्त्री सोबत घेऊन जा. पहिला टॅपेट त्यालाच सेट करू द्या, आणि मुलांना वही घेऊन शेजारी उभं राहू द्या.