झाकणाच्या वाटेने वसई

वसई म्हटली की आठवतो तो किल्ला, १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला. पण आज आपण किल्ला बघायला निघालेलो नाही. आज आपल्याला एका झाकणाच्या मागे जायचंय. हो, बाटलीच्या साध्या झाकणाच्या!

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव या भागात कारखान्यांचे गाळेच गाळे. त्यातल्या पुष्कळ गाळ्यांत प्लास्टिकच्या वस्तू बनतात. प्लास्टिकचे दाणे यंत्रात पडतात, तापून मऊ होतात, साच्यात दाबले जातात आणि बाहेर येतो डबा, नाहीतर झाकण. गंमत बघा, शहराचा कचराही गोखिवऱ्याच्याच बाजूला नेऊन टाकतात. जन्म आणि शेवट एकाच वाटेवर!

आता पश्चिमेला या. किल्ल्याच्या बाजूला सुरुची बाग आहे. सुरूच्या झाडांतून बाहेर पडलं की समोर समुद्र. पावसाळ्यात भरती ओसरली, की वाळूवर कचऱ्याची लांबच लांब रेघ उरते. शंख-शिंपले कमी, चपला, पिशव्या आणि झाकणंच फार. जवळच्या पाचूबंदरचे कोळी जाळं ओढतात, तेव्हा मासळीबरोबर प्लास्टिकही येतं. ते वेचत बसण्यात त्यांचा किती वेळ जात असेल!

आमच्या चौथीच्या मुलांना तिथे नेलं होतं, तेव्हा एकीने विचारलं, "बाई, झाकणं एवढी, मग त्यांच्या बाटल्या कुठे गेल्या?"

प्रश्न लाखमोलाचा होता. दुसऱ्या दिवशी वर्गात बादली मांडली. पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि तिचंच झाकण पाण्यात टाकलं. तुकडा तळाला गेला, झाकण तरंगलं! कारण दोन्ही प्लास्टिकं वेगळी. बाटली असते पेट नावाच्या प्लास्टिकची, ते पाण्यापेक्षा जड. झाकणाचं प्लास्टिक हलकं. बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, पण पाणी शिरलं की बुडते. शिवाय बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती वाटेतच उचलली जाते. एवढ्याशा झाकणासाठी कोण वाकणार?

आता थोडं पुण्याला जाऊ या, कारण या निवडानिवडीवरच तिथलं एक काम उभं होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत अभियांत्रिकी शिकणाऱ्या सिद्धांत पै याने २०१३ च्या सुमारास पुण्यात 'प्रोटोप्रिंट' नावाचा उपक्रम सुरू केला. कागदावर शाई छापणारं यंत्र तुम्हाला ठाऊक आहे. त्रिमितीय छपाईचं यंत्र मात्र प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवतं आणि आख्खी वस्तूच उभी करतं. धागा केवढा? बहुधा पावणेदोन मिलिमीटर जाडीचा. हा धागा नव्या प्लास्टिकऐवजी शाम्पूच्या बाटल्यांसारख्या कचऱ्यातून काढायचा, आणि तो काढायचा कचरावेचकांनीच, अशी ती कल्पना. त्यासाठी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची साथ घेतली होती. नुसत्या भंगाराला किलोमागे थोडेच रुपये मिळतात, धाग्याला कितीतरी जास्त. ते जास्तीचे पैसे वेचणाऱ्या बाईच्या हाती पडावेत, हे मला त्या यंत्रापेक्षाही मोठं वाटतं.

काम सोपं मुळीच नाही, बरं का! शाम्पूच्या बाटलीचं प्लास्टिक साधारण १३० अंशांवर वितळतं, पेटला जवळजवळ २५० अंश लागतात. दोन्ही मिसळली की धाग्यात गाठी येतात आणि यंत्राची तोटी तुंबते. शाम्पूच्या बाटलीचं प्लास्टिक थंड होताना आकसतं, मग छापलेल्या वस्तूचे कोपरे उचलले जातात. किनाऱ्यावरचं प्लास्टिक तर आणखी अवघड. उन्हाने ते ठिसूळ होतं, वर वाळू आणि मीठ चिकटलेलं. म्हणजे झाकण नाल्यातून खाडीत जायच्या आधीच पकडायला हवं.

वसई-विरारमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, साच्यांचे गाळे आहेत आणि कचरा तर आहेच. तुमच्यातलाही कुणी उद्या तिथे शिकायला जाईल. तोवर घरातल्या रिकाम्या बाटल्यांचे बूड बघा. तिथे बाणांचा छोटा त्रिकोण असतो आणि आत एक आकडा. पाण्याच्या बाटलीवर बहुधा १ असेल, शाम्पूच्या बाटलीवर २. झाकणाच्या आतही शोधा, कधीकधी तिथे ५ सापडतो.