सातबारा कोरा, जमीन जागेवर!

काल रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि कधी एकदा कुणाला सांगते असं झालंय!

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली ५०० जीबीची डिस्क दोन वर्षं कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती माझ्या कॉम्प्युटरला जोडली. भिंतीवरचं बटण बंद केलं, एक वायर डेटाची, एक विजेची, झालं! सुरू केल्यावर आतून ओळखीची घरघर आली आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अगं, हा तर बाबांच्या कॉम्प्युटरचा आवाज!’

पण फॉरमॅट म्हटलं की पोटात गोळा यायचा. भलतीच डिस्क पुसली गेली तर? आणि इथेच मला खजिना सापडला. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खाली प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते, तिच्यावर कप्पे पाडलेले. डिस्क ० म्हणजे २३८.४७ जीबी, माझी रोजची. डिस्क १ म्हणजे ४६५.७६ जीबी, बाबांची. (पाचशेतले चौतीस कुठे गेले? कुठेच नाहीत! कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) डी, ई ही अक्षरं बदलू शकतात, आकार बदलत नाही. म्हणून ओळख पटवायची ती आकारावरून. ज्या सी ड्राइव्हवरून विंडोज चालू आहे, तो विंडोज फॉरमॅट करूच देत नाही. बाकीच्यांना मात्र हे कवच नाही. म्हणून मी आधीच बाबांच्या ड्राइव्हचं नाव बदलून ‘हीच पुसायची’ ठेवलं. फॉरमॅटच्या खिडकीत तेच नाव समोर आलं आणि हाताची थरथर थांबली.

त्याआधीची संध्याकाळ सगळी कॉपी करण्यात गेली. फोटो दुसऱ्या एका पोर्टेबल डिस्कवर घेतले, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ताडून पाहिली, मधलेच पाच-सहा फोटो उघडले. मग बाबांची पत्रं उघडली तर नुसती अगम्य इंग्रजी अक्षरं! काळजात धस्स झालं. पण पत्रं शाबूत होती. ती युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता. तो होता त्याच डिस्कवर, जुन्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये! इन्स्टॉल केला आणि पडद्यावर ‘चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद’ उमटलं. तुमच्या घरी अशी जुनी डिस्क असेल तर हात जोडून सांगते, पुसण्याआधी फॉन्ट काढून घ्या.

आता सगळ्यात भारी गोष्ट. ‘क्विक फॉरमॅट’ काही सेकंदांत होतं, कारण त्यात डेटा पुसलाच जात नाही! कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही तेवढी नवी होते. सातबारा कोरा होतो, जमीन आणि त्यावरचं पीक जागेवरच. म्हणूनच चुकून फॉरमॅट झालं आणि वर नवं काही लिहिलं नाही, तर फाइली परत मिळण्याची आशा असते. आणि म्हणूनच डिस्क परक्याला द्यायची तर क्विक पुरत नाही. ‘क्विक फॉरमॅट’समोरची खूण काढून टाकली की पूर्ण फॉरमॅट होतं. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ते सगळीकडे शून्यं लिहितं आणि खराब झालेल्या जागाही हुडकतं. म्हणजे अख्खं शेत नांगरून काढतं!

डिस्क जुनी, म्हणून मी पूर्णच निवडलं. फाइल सिस्टिम एनटीएफएस, बाकी सगळं होतं तसंच. टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते, मी जेवून येऊन परत समोर बसले. शंभर झाले आणि एकही खराब जागा निघाली नाही! इतक्या वर्षांची डिस्क, ठणठणीत!

मग नाव द्यायची वेळ आली. याही वेळी मराठीतच टाइप केलं आणि एनटीएफएसनं ते मुकाट्यानं घेतलं. आता ‘धिस पीसी’ उघडलं की सी ड्राइव्हच्या शेजारी देवनागरीत लिहिलेलं दिसतं, ‘बाबांचं कपाट’. पहिलं फोल्डर पत्रांचं ठेवलंय, त्यातच तो फॉन्टही. फोटो अजून कॉपी होताहेत आणि आई शेजारी खुर्ची ओढून बसली आहे.